डगमगणारं मांजर घरात आलंय? मग आधी घरची फरशी बघा

पिल्लू तीन-चार आठवड्यांचं झालं, नुकतं उभं राहायला लागलं, आणि चालताना दारू पिऊन आल्यासारखं झोकांड्या खाऊन राहिलं, डोकं थरथरतंय, पाय नको तितका उंच उचलून आपटतंय, खायला वाकलं की तोंड बशीत जायच्या ऐवजी जमिनीवर जातंय, असं दिसलं की आजूबाजूचे लोक लगेच निदान करून मोकळे होतात. कोणी म्हणते लकवा मारला, कोणी म्हणते मिरगी आहे, शेजारच्या काकूंनी तर नजर लागली म्हणून काळा दोरा आणून दिला (तो बांधला नाही, असं धडपडणारं मांजर कुठंही अडकतं आणि गळ्याला फास बसतो). आणि एक जण हमखास असतोच जो म्हणतो, जगत नाही बापा हे, उगाच कायले जीव लावता.

जगतं. आरामात जगतं. बहुतेक वेळा हा प्रकार सेरेबेलर हायपोप्लेझिया असतो, मांजरवाले लोक नुसतं सीएच म्हणतात. डोक्याच्या मागच्या बाजूला जो छोटा मेंदू असतो, हालचालीचा अंदाज आणि तोल सांभाळणारा, तो पूर्ण वाढलेलाच नसतो. कारण बहुतेकदा पॅनल्युकोपेनिया नावाचा व्हायरस, कुत्र्यांच्या पार्व्होचा भाऊबंदच. आई गाभण असताना तिला हा झाला, किंवा पिल्लाला जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लागला, तर तो भराभर वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतो आणि त्या काळात छोट्या मेंदूच्या पेशी भराभर वाढत असतात, म्हणून नेमका घाव तिथं बसतो. गाभण मांजरीला जिवंत व्हायरसची लस दिली तरी हेच होऊ शकतं. एकाच वेतातली दोन पिल्लं डगमगतात आणि तिसरं धडधाकट निघतं असंही होतं.

आता यातली कामाची गोष्ट. हे दुखत नाही. हे वाढत पण नाही, जेवढं आहे तेवढंच राहतं, उलट पिल्लू मोठं होता होता आपल्या शरीराशी जुळवून घेतं आणि बरंच सुधारल्यासारखं दिसतं. आयुष्य नेहमीच्या मांजराएवढंच. औषध नाही, आणि लागत पण नाही. म्हणून कॅल्शियमचे टॉनिक, बी-ट्वेल्व्हचे थेंब, मालिशचं तेल यावर पैसे घालवू नका, तेच पैसे चटईत घाला. सगळी मेहनत घरावर करायची आहे, मांजर जसं आहे तसं ठीक आहे.

पण एक मिनिट, डगमगणारं प्रत्येक मांजर सीएचचं नसतं, आणि इथं घाई करून चालत नाही. सीएच जन्मापासून किंवा पहिल्या काही आठवड्यांपासूनच असतं, चालायला लागलं की दिसतं. कालपर्यंत कपाटावर उड्या मारणारं मोठं मांजर आज अचानक तिरपं चालून राहिलं, मान एका बाजूला कलली, डोळ्यांची बुबुळं आपोआप डावी-उजवीकडे फिरून राहिली, तर ते कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेचं दुखणं असू शकतं, कानातलं इन्फेक्शन, गाठ, किंवा कधी काहीच कारण न सापडणारा प्रकार जो दोन-तीन आठवड्यांत बराचसा आपोआप निवळतो. परमेथ्रिन नावाचं रसायन असलेलं कुत्र्याचं गोचीड मारायचं औषध मांजरीच्या मानेवर टाकलं तर मांजर थरथरायला लागतं आणि झटके येऊन मरू शकतं, त्यात दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच तासाला डॉक्टर. रोज नुसती कच्ची मासोळी खाऊ घातली तर थायमिन (व्हिटॅमिन बी-वन) कमी पडून तोल जातो. अगदी छोटं पिल्लू उपाशी राहिलं तरी साखर उतरून लटपटतं. आणि जे दर आठवड्याला आधीपेक्षा जास्त बिघडत चाललंय, ते सीएच नाही, त्याचं दुसरं काहीतरी शोधावं लागतं.

झटका आणि सीएचची थरथर यात गोंधळ होतो, पण फरक सोपा आहे. सीएचचं मांजर काही करायला गेलं की थरथरतं, खायला गेलं, खेळण्यावर झडप घालायला गेलं की जास्तच, आणि झोपलं की एकदम शांत. शिवाय थरथरताना ते तुमच्याकडे बघत असतं, हाक मारली की कान हलवतं. मोठ्या झटक्यात बहुतेकदा शुद्ध नसते, तोंडातून लाळ येऊ शकते, शू होऊ शकते.

डॉक्टरकडे जाताना व्हिडीओ काढून न्या. हे मी सगळ्यांना सांगते कारण क्लिनिकच्या टेबलावर मांजर दगड होऊन बसतं, एक पाऊल टाकत नाही, आणि डॉक्टर तरी काय बघणार. घरीच चालतानाचा, खातानाचा, झोपलेल्याचा आणि डोळ्यांचा जवळून असा व्हिडीओ घ्या. सीएच पक्कं करायला कुठली रक्ताची टेस्ट नाही, डॉक्टर इतिहास विचारून आणि तपासूनच सांगतात, एमआरआयमध्ये छोटा मेंदू लहान दिसू शकतो पण साध्या केसमध्ये त्याची गरज पडत नाही. नागपुरात कुत्र्यांचे डॉक्टर ढीगभर, मांजर नीट हाताळणारे त्यामानाने कमी, म्हणून फोनवर आधी विचारून घ्या की मांजरं बघता का. सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेज आहे, १९५८ पासूनचं, तिथंही जनावरांचा दवाखाना आहे. ऑटोनं जात असाल तर पुठ्ठ्याचा डबा नको, कडक कॅरिअर घ्या आणि आत जाड टॉवेल चारी बाजूंनी लावा, आपल्याकडच्या रस्त्यांवर धडधाकट मांजर पण आपटतं तर हे काय टिकणार. आणि मे महिन्यात सकाळीच जा.

आता फरशी. नागपुरातल्या फ्लॅटमध्ये ती गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल असते, जुन्या घरात कोटा किंवा शहाबादी, घासून घासून आरशासारखी झालेली. सीएचच्या मांजराला यावर चालायला लावणं म्हणजे छळ आहे. मागचे पाय दोन बाजूंना फाकतात, हनुवटी आपटते, आणि चार वेळा आपटलं की ते चालायचंच सोडून देतं, मग लोक म्हणतात बघा आजार वाढला. आजार वाढत नाही हो, फरशी घसरते. पूर्ण घराला कार्पेट घालायची गरज नाही. मांजर रोज ज्या वाटेनं जातं तेवढी वाट करा, झोपायच्या जागेपासून खाण्यापर्यंत, तिथून लिटरपर्यंत (म्हणजे शी-शूच्या डब्यापर्यंत) आणि लिटरपासून परत. लहान पोरांच्या खोलीत टाकतात त्या फोमच्या एकमेकांत अडकणाऱ्या चौकोनी मॅट यासाठी सगळ्यात मस्त, पडलं तर लागत नाही, घाण झाली तर एकच तुकडा काढून धुवायचा. जुनी योगा मॅट कापून चालते. सतरंजी वापरणार असाल तर खाली रबराची जाळी टाका, नाहीतर मांजर आणि सतरंजी दोघं मिळून घसरत जातात. गोणपाट पण चांगलं, नखं छान रुततात, फक्त सुटलेले धागे कापत राहा. प्लॅस्टिकची चकचकीत चटई घेऊ नका, ती टाइलपेक्षा वाईट.

आमची सीएचची मांजर, भिंगरी, या वाटेवरनं जाते तेव्हा सरळ नाही जात, भिंतीला एक खांदा टेकवून घासत घासत जाते, आणि भिंत संपली की थांबते, मागचे पाय रुंद करते, अंदाज घेते आणि मग समोरच्या सोफ्याकडे एकदम सुटते. बघा तुमचं मांजर कशाचा आधार घेतं आणि वाट त्या बाजूनेच करा, खोलीच्या मधून नको.

पडणार ते पडणारच. म्हणून जिथं पडल्यावर लागेल ती ठिकाणं झाकायची, टेबलाच्या खालच्या पट्ट्या, दिवाणाचा कोपरा, दाराची चौकट, यांना पोरांसाठी मिळतात ते फोमचे कॉर्नर चिकटवा किंवा जुनी गादी फाडून कापूस भरून पट्ट्या शिवा. जिन्याला खाली आणि वर दोन्हीकडे आडोसा हवा. गॅलरीला जाळी, तीही घट्ट ताणलेली, आणि गच्ची बंदच. बाहेर सोडायचं नाही, कधीच नाही. कुत्रा मागे लागला तर याला झाडावर पळता येत नाही, आणि संक्रांतीच्या आसपास तर नागपूरच्या गच्च्यांवर आणि तारांवर इतका नायलॉन मांजा अडकलेला असतो की चांगल्या चांगल्या मांजरांचे पाय कापले जातात.

नखांचं लोक उलटं करतात. ओरखडतं म्हणून नखं एकदम बारीक कापून टाकतात. अहो त्याची सगळी पकड त्या नखांवर आहे, फक्त समोरचं टोक कापा, बस. सीएचच्या मांजराला उडी जमत नाही पण चढणं मस्त जमतं, नखं रुतवत सोफ्यावर, पलंगावर चादरीला धरून वर जातं. अडचण उतरताना येते, वरून धाडकन खाली. मग पलंगाला एक उतार करून द्या, प्लायचा तुकडा, त्यावर गोणपाट ठोकलेलं, कमी चढाचा आणि रुंद. आणि सारखं उचलून उचलून नेऊ नका, बाप्पा. दया येते हे कळतं, पण चालूनच त्याच्या पायात ताकद येते आणि चालूनच त्याला अंदाज येतो. दोरीला बांधलेलं खेळणं जमिनीलगत हळू ओढा, झडप घालू द्या, चुकू द्या. उचलायचंच असेल तेव्हा एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, आणि अंगाशी धरून. हवेत लोंबकळलं की ते घाबरून हातपाय मारतं आणि तुमच्या हाताचं काय होते ते मग बघा.

खाणं. हलकी स्टीलची वाटी विसरा, ती पहिल्याच धक्क्याला किचनभर फिरते. जड, पसरट भांडं हवं, आणि खाली घसरू नये म्हणून ओलं फडकं किंवा रबरी मॅट. भांडं पाटावर किंवा दोन विटांवर थोडं वर ठेवलं की मान कमी वाकवावी लागते आणि थरथर कमी होते. ज्याचं डोकं जास्तच हलतं त्याचे दात चिनीमातीच्या कडेवर आपटून तुटू शकतात, त्याला सिलिकॉनचं भांडं द्या, किंवा सरळ सपाट ताटलीत. काही मांजरं बसून खाऊच शकत नाहीत, कुशीवर पडून खातात, खाऊ द्या, पद्धत त्याची त्याला ठरवू द्या. भिंगरी कोपऱ्यात खाते, बूड एका भिंतीला, खांदा दुसऱ्या भिंतीला. कोपरा मिळाल्यापासून तिचं सांडणं निम्म्यावर आलं. किबल (सुकं दाणेदार खाणं) मोठ्या दाण्याची असेल तर पकडायला सोपी, ओलं खाणं असेल तर घट्ट गोळा करून, पातळ रस्सा केला तर तो नाकात जातो आणि मग शिंका.

ही मांजरं साधं चालायला पण इतरांपेक्षा जास्त ताकद घालवतात, म्हणून वजनावर लक्ष ठेवा, बारीक होत असेल तर खाणं वाढवा. आणि दूध-पोळीवर ठेवू नका. आपल्याकडे शाकाहारी घरांत ही मोठी अडचण आहे, मला माहीत आहे, पण मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतंच आणि ते मांसातूनच मिळतं, नाही मिळालं तर डोळे जातात आणि हृदय कमजोर होतं. घरी चिकन उकडायचं नसेल तर मांजरांचं तयार खाणं आणा, पाकिटातून ओतायचं, हात पण लावावा लागत नाही. उकडलंच तर मीठ, कांदा, लसूण काही नाही. रविवारच्या सावजी मटणातला तुकडा धुऊन दिला तर चालेल का असं मला एकानं खरंच विचारलं होतं. नाही चालत.

लिटरचा डबा. बाजारात मिळणारा उथळ ट्रे यांच्या कामाचा नाही, आत पाय टाकला की उलटतो. कपडे ठेवायचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, झाकण फेकून द्या, एका बाजूला जमिनीपासून दोन-तीन बोटं सोडून दार कापा आणि कापलेली कड सँडपेपरनं घासून वर टेप लावा. बाकीच्या तीन उंच भिंती कशाला, तर टेकायला. हे मांजर शी-शू करताना भिंतीला टेकूनच बसतं, नाहीतर आपल्याच घाणीत पडतं. डबा कोपऱ्यात दाबून ठेवा म्हणजे हलत नाही. वाळू फार बारीक असेल तर पडल्यावर ओल्या नाकाला आणि तोंडाला चिकटते, लाकडाच्या गोळ्यांची लिटर त्यापेक्षा बरी. दाराशी मॅट. घर मोठं असेल तर दुसरा डबा दुसऱ्या टोकाला, कारण याला वेळेवर पोचायला वेळ लागतो आणि न पोचल्याचा दोष त्याचा नाही. अंग घाणीनं भरलं तर कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसा, लगेच कोरडं करा.

पुसण्यावरून आठवलं, फिनाईल बंद करा. ते पांढरं असो की काळं, त्यातली रसायनं मांजराचं लिव्हर पेलू शकत नाही, आणि हे मांजर तर दिवसभर फरशीवर लोळून अंग चाटत असतं. साबणाचं पाणी पुरतं. क्रोसिन वगैरे माणसांची पॅरासिटॅमॉलची गोळी पण नाही, अर्धी गोळी सुद्धा जीव घेते.

उन्हाळ्याचं वेगळं सांगते, कारण नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको, पारा ४५ च्या वर जातो आणि नवतपा (मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस) तर अजून बाकीच असतो. कूलरच्या टाकीची जाळी किंवा बाजू उघडी ठेवू नका. तोल जाऊन पाण्यात पडलेलं सीएचचं मांजर स्वतः बाहेर येऊ शकत नाही, हेच न्हाणीघरातल्या भरलेल्या बादलीचं आणि टबाचं. कूलरची वायर खाली लोंबकळत असेल तर ती पण वर बांधा, पायात अडकते. पाणी एका ठिकाणी न ठेवता तीन-चार ठिकाणी ठेवा, पसरट, जड, उथळ भांड्यात, कारण दुपारी तहान लागली तर याला स्वयंपाकघरापर्यंतची वाट लांब वाटते आणि ते तसंच पडून राहतं. तोंड उघडं टाकून धापा टाकतंय, लाळ गळतेय, हिरड्या लालभडक झाल्यात, तर साध्या पाण्यानं अंग आणि पाय ओले करा, पंख्याखाली घ्या आणि डॉक्टर गाठा. बर्फ लावू नका.

काहींचं खूप जास्त असतं. उभंच राहता येत नाही, लोळत लोळतच जातात. त्यांना मऊ कडांचा एक चौकोन करून द्या, पोरांच्या प्लेपेनसारखा, खाणं हातानं, दिवसातून काही वेळा दोन्ही हातांनी कमरेला आधार देऊन लिटरवर उभं करा, बहुतेकांना शी-शू कळते आणि ती वाट बघतात. एकाच कुशीवर पडून राहिलं तर कातडीला जखमा होतात, म्हणून कूस बदला. अशा पिल्लाला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवून टाकायचा सल्ला कधी कधी लगेच मिळतो. माझं मत असं की त्याच्या चालण्याकडे बघून हा निर्णय घेऊ नका. खातं का, आवाज दिला की बघतं का, मांडीत घेतलं की घुरघुरतं का, खेळायचा प्रयत्न करतं का, हे बघा आणि चार-सहा महिने वेळ द्या. हे सगळं असून घरात दिवसभर कोणीच नसेल, तर ती अडचण घराची आहे, मग वेळ देणारं दुसरं घर शोधा.

सीएच स्वतः एका मांजराकडून दुसऱ्याला लागत नाही. पण ज्या व्हायरसनं ते झालं तो भयंकर चिवट आहे, घरात वर्षभर टिकू शकतो, आणि लहान पिल्लाच्या अंगातून काही आठवडे बाहेर पडत राहू शकतो. म्हणून नवीन डगमगणारं पिल्लू आणलं आणि घरात आधीची मांजरं बिनालसीची असतील तर आधी त्यांची लस, तोवर पिल्लू वेगळ्या खोलीत. साध्या साबणानं हा व्हायरस मरत नाही. आधी जागा साफ करून मग ब्लीचचं पाणी, एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं राहू द्यायचं आणि मग साध्या पाण्यानं पुसून कोरडं करायचं, मांजर तोवर दुसरीकडे. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं काही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

सीएचच्या पिल्लाला पण लस नेहमीसारखीच, सहा-आठ आठवड्यांपासून तिहेरी लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांचं होईस्तोवर, आणि रेबीजची तीन महिन्यांनंतर. कॉलनीतल्या मांजरींना लस देत असाल तर गाभण कोण आहे ते डॉक्टरला आधी सांगा, चार आठवड्यांच्या आतली पिल्लं पण वगळा. नसबंदीही होते, भूल चालते, फक्त फॉर्म भरताना सीएच आहे हे ठळक सांगा, म्हणजे शुद्धीवर येताना मांजर लटपटलं तर स्टाफ घाबरणार नाही. ऑपरेशननंतर गळ्यात जो प्लॅस्टिकचा कोन घालतात तो मात्र नको म्हणून सांगा. त्यानं आहे तो तोल पण जातो, कोन दाराला अडकतो आणि मांजर उलटं पडतं. त्याऐवजी जुन्या टी-शर्टची बाही कापा, चार पायांना चार भोकं, शेपटीच्या बाजूनं मोकळं, ऑपरेशनचा टाका झाकेल एवढी लांब. बाही घट्ट हवी पण श्वास अडकेल इतकी नाही, दोन बोटं आत गेली पाहिजेत. दोन बाह्या करून ठेवा, एक ओली होतेच.